पंधराशे फेऱ्यांचा राखणदार

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर दर्शनाची रांग लागते, रोषणाईने रस्ता उजळतो. शिवसेना नेते आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या या उत्सवात सगळ्यांचे डोळे देवीकडे असतात. अशा एखाद्या मांडवामागे जनरेटर चालू असेल, तर क्षणभर तिकडे कान द्यावा. दिव्यांच्या माळा एकदम पेटल्या की इंजिनाचा आवाज जड होतो, किंचित दबतो आणि सावरतो. त्याला सावरतो तो इंजिनाचा वेग राखणारा गव्हर्नर.

आपली वीज ५० हर्ट्झची. चार ध्रुवांचा आल्टरनेटर मिनिटाला १५०० फेरे फिरला तरच ती मिळते. भार वाढला की फेरे घटतात, भार सुटला की इंजिन उधळू पाहतं. देशाच्या वीजजाळ्यात असंख्य जनित्रं एकमेकांना धरून चालतात. एकट्या जनरेटरची भिस्त मात्र गव्हर्नरवरच.

जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले. वेग वाढला की गोळे फाकत आणि वाफेची झडप मिटू लागे. काही गव्हर्नर वेग स्थिर करतात, तर काही त्याला झोके का देतात, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं. आता फ्लायव्हीलचे दाते पिकअप हा सेन्सर मोजतो, कंट्रोलर हिशेब करतो आणि अ‍ॅक्चुएटर थ्रॉटल हलवतो.

गॅस इंजिनात हे काम अधिक नाजूक. डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे ताकद लगेच वाढते. गॅस मात्र हवेत मिसळून, थ्रॉटल ओलांडून, मॅनिफोल्डमधून आत येतो. टर्बोलाही वेग घ्यायला वेळ लागतो. म्हणून अशा इंजिनावर सगळा भार एका दमात टाकत नाहीत: आधी दिवे, मग लिफ्ट, मग पंप.

दोन जनरेटर जोडीने चालवायचे तर ‘ड्रूप’ ठेवतात. चार टक्के ड्रूप म्हणजे रिकामं असताना १५६० फेरे, पूर्ण भारावर १५००. या उतारामुळेच दोघं ओझं वाटून घेतात.

गव्हर्नर फार उतावळा लावला, तर इंजिन सारखं वरखाली होतं. कारागीर त्याला ‘हंटिंग’ म्हणतात. फार मंद लावला, तर पंखे-पंपांचा वेग पडतो. म्हणून जाणता माणूस भार टाकतो, काढतो आणि ऐकत राहतो. आवाज एकदाच दबून पुन्हा मूळ सुरावर आला, की तो पाना खाली ठेवतो. मांडवातल्या कुणालाही काही जाणवलं नाही, हीच त्या कामाची पावती.