भात कमी केला. पण उरलेला केव्हा खावा?

हैदराबादच्या तार्नाका भागात राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिचा जन्म मात्र येथला नव्हे. 1918 साली निलगिरीतील कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाच्या संशोधनासाठी एका खोलीत प्रयोगशाळा मांडली. तिचेच हे वाढलेले रूप होय. 1958 साली ती हैदराबादला आली व 1969 साली तिला आजचे नाव मिळाले. बेरीबेरी हा सडीक तांदळावर जगणाऱ्यांचा रोग. तांदूळ फार सडला म्हणजे कोंड्याबरोबर एक जीवनसत्त्वही निघून जाते, हे त्याचे कारण. भाताच्या उणिवेपायी जन्मलेल्या या संस्थेला 2024 सालच्या आपल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत धान्याच्या अतिरेकाविषयी बोलावे लागले, हा काळाचा महिमाच म्हणावयाचा. दिवसाच्या उष्मांकांपैकी 45 टक्क्यांहून अधिक भाग धान्यांतून येऊ नये, असे ती सांगते. प्रत्यक्षात तो 50 ते 70 टक्के असतो.

हा उपदेश ऐकून म्हणा की डॉक्टरांच्या धाकाने म्हणा, पुष्कळ लोक भात-पोळी एकाएकी कमी करतात. पहिला आठवडा उत्साहाचा जातो, कारण वजनाचा काटा चटकन खाली येतो. त्यातील बराचसा भाग पाण्याचा असतो. यकृतात व स्नायूंत साठविलेल्या शर्करेच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. साठा आटला की तेही जाते. पुढे उत्साह ओसरतो आणि संध्याकाळची खा-खा सुरू होते.

काचीगुड्याहून कचेरीला जाणारा एखादा नोकरदार डोळ्यांपुढे आणावा. सकाळी नुसता चहा. दुपारच्या डब्यात कोशिंबीर आणि चमचाभर भाजी. पाच वाजता इराणी हॉटेलावरून जाताना पाय आपोआप आत वळतात. दाट दुधाचा गोड चहा येतो, बशीत उस्मानिया बिस्किटे येतात, आणि दोनांवर भागत नाही. रात्री दहाला पाहुण्यांबरोबर बिर्याणी होते, ती वेगळीच. मग तो म्हणतो, माझ्या मनाला निग्रहच नाही. बिचाऱ्या मनाला उगाच दोष! दिवसभर टाळलेले सारे पिष्टान्न त्याने अशा दोन वेळी घेतले, की जेव्हा ते सर्वांत अधिक त्रास देते.

असे का व्हावे? मैदा आणि साखर रिकाम्या पोटी एकटी गेली, म्हणजे रक्तातील शर्करा झरकन चढते. तिला आवरण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि दोन-तीन तासांनी पुष्कळांची शर्करा मूळ पातळीच्याही खाली घसरते. ब्रिटन व अमेरिकेतील हजाराहून अधिक लोकांच्या पाहणीत, ज्यांची घसरण मोठी त्यांना भूक लवकर लागते आणि त्यांचे खाणेही वाढते, असे दिसले. ती 2021 साली प्रसिद्ध झाली. म्हणजे पाचची बिस्किटे आठच्या भुकेची तरतूद करून ठेवतात.

यावर पहिला उपाय म्हणजे पिष्टान्न एकटे न खाणे, व जेवणात ते शेवटी घेणे. न्यूयॉर्कमध्ये 11 मधुमेही रुग्णांवर एक प्रयोग झाला व 2015 साली त्याचे फल छापून आले. जेवण तेच, फक्त भाज्या व मांस आधी आणि पाव मागाहून. तासाभरानंतरची शर्करा, पाव आधी खाल्ल्या दिवसापेक्षा सुमारे 37 टक्के कमी भरली. रुग्ण थोडे, हे खरे. परंतु प्रयोग घरी करून पाहण्यास खर्च नाही. आपली पंगत मात्र वरणभातानेच सुरू होते! तेव्हा आधी कोशिंबीर, मग दाट आमटी, अंडे वा मासळी, आणि अखेरीस जोंधळ्याची एक भाकरी, असा क्रम लावावा. तांदळात शंभर ग्रॅमांत सुमारे 78 ग्रॅम कर्बोदके व तीन ग्रॅमांहून कमी चोथा. ज्वारीत कर्बोदके 68 च्या आसपास आणि चोथा दहा ग्रॅम.

दुपारी की रात्री, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. तेच अन्न सकाळपेक्षा रात्री शर्करा अधिक चढविते, हे सिद्ध आहे. उलट इस्रायलमध्ये 78 स्थूल पोलिसांवर सहा महिने झालेल्या प्रयोगात, ज्यांनी बहुतेक कर्बोदके रात्रीच्या जेवणात घेतली त्यांना भूक कमी जाणवली आणि त्यांचे वजनही थोडे अधिक उतरले. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोनच जेवणे, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, असा नेम सुचविला. त्याचाही रोख खाण्याच्या वेळांवरच आहे. ज्याला पाच वाजता मोह होतो, त्याने आपला वाटा दुपारच्या जेवणात घ्यावा, उपाशी राहून तो साठवू नये. चार वाजता मूठभर शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा घेतला, तर हॉटेलावरून जाणे पुष्कळ सोपे होते. एकादशीची साबुदाणा खिचडी मात्र या हिशेबात उपवास नव्हे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

इन्सुलिन किंवा शर्करा उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी भात-भाकरी कमी करण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा बदलून घ्यावी. त्यांची पाच वाजताची खा-खा ही लालसा नसून शर्करा धोक्याच्या पातळीखाली गेल्याची खूण असू शकते. घाम फुटला, हात थरथरू लागले, छातीत धडधडले, तर शेंगदाणे उपयोगाचे नाहीत. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून तत्काळ प्यावी आणि पंधरा मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे.