बोटावरचा आकडा

१५ सप्टेंबर २०२० रोजी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यात सुरू झाली आणि बुलढाणा जिल्ह्यातही, घाटावर व घाटाखाली, पथके घरोघरी जाऊन प्रत्येकाचे तापमान व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहू लागली. बोटाला चिमट्यासारखे लावावयाचे ते यंत्र, ऑक्सिमीटर, त्या काळात अनेक घरांतही आले. आजही वृद्धांना धाप लागली की ते कपाटातून बाहेर निघते. आकडा चटकन दिसतो. अर्थ मात्र लावावा लागतो.

यंत्रावर आकडे दोन असतात. एक प्राणवायूची टक्केवारी, दुसरा मिनिटाला पडणारे नाडीचे ठोके. ठोक्यांचे ७२ हे टक्केवारी समजून घाबरणे सहज शक्य आहे.

या यंत्राचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडले. बोटातून तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश जातात. प्राणवायूयुक्त व प्राणवायूरहित हिमोग्लोबिन ते निरनिराळ्या प्रमाणात शोषते आणि नाडीच्या ठोक्यागणिक होणाऱ्या बदलावरून टक्केवारी निघते. नाडीच नीट सापडली नाही तर हिशेब चुकतो. गारठलेले बोट, हाताची थरथर, नखावरील रंग ही त्याची नेहमीची कारणे. म्हणून पाच मिनिटे स्वस्थ बसून, हात उबदार करून, आकडा स्थिरावल्यावरच तो नोंदवावा.

निरोगी व्यक्तीत हे प्रमाण सामान्यतः ९५ ते १०० असते. घाटावरील उंचीने त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. पुन्हा मोजूनही ९४ वा त्याखाली आल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ९० च्या खाली गेल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जुन्या फुफ्फुसविकारात मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेली मर्यादाच पाळावी.

खरा धोका चांगल्या आकड्यात असतो. बंद खोलीत शेगडीचा धूर कोंडला तर कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही यंत्राला प्राणवायूयुक्त भासते. रक्तक्षयात टक्केवारी उत्तम, पण प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिनच अपुरे. काळ्या वर्णाच्या त्वचेवर आकडा प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसू शकतो, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासाने दाखवले. उलट, कोविडच्या काही रुग्णांत धाप नसतानाच प्रमाण घसरलेले आढळले.

म्हणून ९७ दिसत असूनही ओठ निळसर पडले, छातीत दुखू लागले, बोलताना दम लागला किंवा रुग्ण भांबावला, तर पुन्हा पुन्हा मोजत न बसता त्याला रुग्णालयात न्यावे आणि वेळेसह लिहिलेल्या नोंदींची वही सोबत द्यावी.