दावा बाईचा, तारण कशाचं?

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण हक्काचे पैसे बुडाले, माहेरच्या मिळकतीतला वाटा नाकारला, तर शहाणीलाही ती पायरी चढावीच लागते. वकिलाची फी, तारखा, हेलपाटे यांची मनाची तयारी असते. अशात समोरच्या पक्षाचा अर्ज येतो, ‘वादीकडून आमच्या खर्चापोटी तारण घ्यावं.’ झालं! बाई घाबरते आणि दावा सोडून देण्याच्या गोष्टी सुरू होतात.

मैत्रिणींनो, हे तारण म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. दिवाणी दाव्यात हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. पण दावा लावणाराच हरला आणि त्याच्याकडून वसूल करण्याजोगं काही नसलं तर? म्हणून १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश २५ प्रमाणे कोर्ट वादीकडून आधीच तारण मागू शकतं. दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर मागू शकतं, मात्र त्याची कारणं कोर्टाला लिहावी लागतात. ठरलेल्या मुदतीत तारण दिलं नाही, तर दावा काढून टाकला जातो.

या नियमात पूर्वी एक वाक्य होतं. ते वाचून मी थक्क झाले. पैशाच्या वसुलीचा दावा असेल आणि वादी स्त्री असेल, तर तिच्या नावावर पुरेशी स्थावर मिळकत नाही एवढ्यावर तिच्याकडून तारण मागता येई. तशाच कफल्लक पुरुषासाठी हे वाक्य नव्हतं! राज्यघटना आल्यावर याला आव्हान दिलं गेलं. १९५१ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं म्हटलं, की हा भेदभाव केवळ स्त्री म्हणून नाही, त्याला मिळकतीचीही जोड आहे. म्हणून नियम घटनाबाह्य नाही.

आता बघा, वारसानं आलेल्या मिळकतीवर हिंदू बाईला पूर्ण मालकी देणारा कायदा झाला १९५६ मध्ये. म्हणजे आधी तिच्या नावावर काही होऊ द्यायचं नाही आणि मग ‘तुझ्या नावावर काही नाही’ म्हणून तिच्याकडूनच तारण मागायचं!

आजच्या नियमात ते वाक्य नाही. नुसती गरिबी हे तारण मागायला पुरेसं कारण नाही, असंही न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलंय. तरी एका ठिकाणी आपल्या लेकींना सांभाळून राहावं लागतं. वादी भारताबाहेर राहत असेल आणि दाव्यातली मिळकत सोडून इथे तिची दुसरी पुरेशी स्थावर मिळकत नसेल, तर तारणाचा हुकूम करावाच लागतो. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये दिला. पण लग्न होऊन अमेरिकेत गेलेली लेक वाटपाचा दावा लावते, तेव्हा ज्या घरासाठी भांडण आहे तेच घर दाखवून तिला चालत नाही. मात्र ही सक्ती सगळेच वादी परदेशी असतील तेव्हाची. इथली बहीण बरोबरीनं वादी असेल, तर सक्ती उरत नाही, निर्णय कोर्टाच्या मर्जीवर येतो. बहिणींनी एकत्र उभं राहण्याचा हा एक रोकडा फायदा!

दुसरी सावधगिरी. ‘कोर्टाचा खर्च मी करतो, निम्मी जागा माझ्या नावे लिही’ म्हणणारे बरेच भेटतात. महाराष्ट्रात लागू असलेल्या नियमाप्रमाणे अशा माणसाला त्याच्या संमतीनं दाव्यात वादी करून घेता येतं आणि त्याच्याकडून तारणही मागता येतं. तेव्हा सही करण्याआधी वकिलाला विचारा.

आमच्या मंडळात बायका विचारतात, ‘ताई, बायकांना कोर्ट फी माफ आहे ना? मग हे काय नवीन?’ माफी आहे, पण ती पोटगी, मिळकतीचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट अशा प्रकरणांत, आणि ती सरकारला द्यायच्या फीची. तारण हे समोरच्याच्या खर्चापोटी असतं. दोन्हींची गल्लत करू नका.

असा अर्ज आला तर गप्प बसू नका. मुदतीत आपलं लेखी म्हणणं द्या. आपल्या नावाचा सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, जे असेल ते जोडा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मोफत मदतीसाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. तारणाची मुदत चुकून दावा निघालाच, तर सबळ कारण दाखवून तो पुन्हा उभा करून घेता येतो.

आणि हो, दावा असो वा नसो, घराच्या कागदांवर आपलं नाव आहे का, ते एकदा बघाच. दागिन्यांचा डबा आपण दहादा उघडून पाहतो. कागदांची फाईल कितीदा उघडतो?