दिंद्रुडची घरगाडी, कोकणच्या चार खाड्या

बीड जिल्ह्यातील दिंद्रुडच्या माणसाला समुद्राचे वेड लागले, असे कोणी सांगितले तर ऐकणारा आधी हसेल. अहो, १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हे गाव ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्या अवघ्या संस्थानालाच समुद्रकिनारा नव्हता! इथले पाणी म्हणजे सिंदफणेचे, विहिरीचे, आणि साल वाईट गेले तर टँकरचे. सातशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर वर्ष काढणाऱ्या या मुलखाने तीन हजार मिलिमीटरच्या कोकणाशी सोयरीक जोडायची ती कशी?

पण सोयरीक जुनीच आहे. बहामनी राज्याची राजधानी बीदर. तिथे जाणारे अरबी घोडे, परदेशी व्यापारी आणि प्रवासी उतरत ते दाभोळ-चौलच्या बंदरांत. पुढे बहामनींचा थोर वजीर झालेला महमूद गवान १४५३ साली व्यापारी म्हणून उतरला तो दाभोळलाच. अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी चौलला उतरून जुन्नरमार्गे बीदरला गेला आणि परतीला पुन्हा दाभोळनेच जहाजात बसला. घाटावरचा माणूस आणि कोकणचे बंदर यांची ओळख अशी साडेपाचशे वर्षांपूर्वीची. मधल्या काळात ती पुसट झाली, एवढेच.

ती ताजी करण्याचा एक नवा मार्ग आता निघाला आहे. झोपायला पलंग, स्वयंपाकाला शेगडी, पाण्याची टाकी आणि जमल्यास संडास अशी सगळी सोय पोटात घेऊन फिरणारी मोटार. इंग्रजी जाणणारे तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. आपण सरळ घरगाडी म्हणू. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली तिच्यासाठी पर्यटन धोरणही जाहीर केले. अशी गाडी भाड्याने घेऊन, ती होडीवर चढवून, खाड्यांपलीकडची गावे पाहत जायचे, हा या लेखाचा विषय.

बिऱ्हाड हलवण्याची विद्या

घरगाडी ही साहेबी चैन आहे, आपल्याला ती काय कळणार, असे मात्र कोणी म्हणू नये. दसरा सरला की बीड जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. चूल, तवा, पिठाचे डबे, पांघरुणे, कोंबड्या आणि लेकरे एवढे ट्रकवर किंवा ट्रॅक्टरवर चढते आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याच्या आवारात कोपी उभी राहते. काय घ्यायचे आणि काय घरी ठेवायचे, पाणी किती दिवस पुरवायचे, चूल कोणत्या बाजूला मांडली तर धूर आत येत नाही, हे त्या बायामाणसांना कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. ही हौस नव्हे, पोटासाठीची पायपीट आहे. तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण बिऱ्हाड हलवण्याची विद्या या मातीत आहे, हे खरेच. घरगाडीचा बेत आखताना शहरातल्या जाहिरातीपेक्षा शेजारच्या तांड्यावरच्या आजीला आधी विचारावे. ती निम्मे सामान खाली उतरवायला लावील आणि तिचे ऐकावे.

कारण पहिला हिशेब वजनाचा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, म्हणजे तीन धडधाकट माणसे झाली. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला आणि हातपाय धुण्याला दिवसाला पन्नास-साठ लिटर पुरतात. अंघोळ मुक्कामाच्या ठिकाणी करावी. टाकी काठोकाठ भरून ताम्हिणी घाट उतरण्यापेक्षा निम्मी भरावी आणि वाटेत भरत जावे.

दुसरा हिशेब कायद्याचा. घरच्या टेंपोत सुताराकडून पलंग ठोकून घेतला की घरगाडी झाली, असे नाही. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाकडे पाहावे लागते. नोंदणीची आणि विम्याची कागदपत्रे चोख असलेली गाडी भाड्याने घेणे, हे पहिल्या खेपेला उत्तम.

वाट कोणती?

दिंद्रुडहून बीड, अहिल्यानगर आणि पुणे हा सुमारे तीनशे किलोमीटरचा पल्ला. पुढे मुळशी आणि ताम्हिणी घाटाने माणगाव. तिथून मुंबई-गोवा रस्त्याने थोडे उत्तरेला रायगडातले इंदापूर आणि तळ्यावरून आगरदांडा. इथून खरी मौज सुरू होते.

पहिली खाडी राजपुरीची. आगरदांडा ते दिघी. तोंडाशीच जंजिरा उभा. गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट बुडाच्या बोटीला कोकणात ‘जंगल जेटी’ म्हणतात. नावात जंगल कुठून आले हे विचारत बसू नये, तिकीट काढावे. दिघीहून दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. दुसरी खाडी सावित्रीची, बागमांडला ते वेशवी. पलीकडे बाणकोटचा किल्ला. इंग्रजांनी तो १७५६ साली घेतला आणि त्याला आपल्या पद्धतीने ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव दिले. जवळचे वेळास समुद्री कासवांसाठी प्रसिद्ध आहे. पण पिल्ले पाहायची तर दिवाळीत नव्हे, होळीच्या आगेमागे जावे. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली आणि मग दाभोळ.

तिसरी खाडी वाशिष्ठीची, दाभोळ ते धोपावे. इथली गाड्या नेणारी फेरी २००३ साली सुरू झाली आणि दाभोळहून गुहागरला जायला चिपळूणचा जो लांबलचक वळसा पडे, तो काही मिनिटांवर आला. गुहागर आणि हेदवी करून चौथी खाडी शास्त्रीची, तवसाळ ते जयगड. तिथून गणपतीपुळे हाकेच्या अंतरावर.

मुंबईचे पाहुणे बरोबर येणार असतील तर त्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरवावे. मार्च २०२० पासून तिथे मोटारी नेणारे मोठे जहाज सुरू झाले आणि तासाभरात पलीकडे पोचणे शक्य झाले. आपली घरगाडी उंच असते, म्हणून कोणत्याही बोटीवर चढण्याआधी उंची, लांबी आणि वजन सांगून विचारून घ्यावे. ‘मावेल हो, आणा!’ या उत्तरावर विसंबू नये.

घड्याळ भिंतीवर ठेवा, पंचांग बरोबर घ्या

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. घाटावरच्या माणसाचा दिवस सूर्यावर चालतो. खाडीचा दिवस चंद्रावर चालतो. हे ज्याला उमगले त्याचा प्रवास सुखाचा होतो.

कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा एक साधा हिशेब आहे. त्या दिवशीच्या तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. उत्तर येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी आणि ओहोटी दोन्हींच्या मध्ये. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढउतार थोडा. तिथी सांगणारी दिनदर्शिका दिंद्रुडच्या घराघरांत भिंतीला आहेच. ती एकादशी-चतुर्थीच्या उपासासाठी टांगलेली असते. तीच समुद्राचे वेळापत्रकही आहे, हे आपल्याला ठाऊक नसते एवढेच.

याचा उपयोग काय? हरिहरेश्वरची प्रदक्षिणा घ्या. दक्षिण काशी म्हणून घरातली वडील माणसे तिथे जाणारच, आणि परळीच्या वैजनाथाच्या शेजारी राहणाऱ्यांना प्रदक्षिणा केल्याशिवाय चैन पडायचे नाही. पण ती वाट समुद्राकडच्या कातळावरून जाते. ओहोटीला ती मोकळी; भरतीला तिच्यावर लाटा आदळतात. कातळावरून लाटेने ओढून नेल्यामुळे माणसे प्राणास मुकली आहेत. कार्तिक शुद्ध पंचमीला तिथे असाल तर हिशेब करा: पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचारला भरती. म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमारास ओहोटी. नवाच्या सुमारास निघावे आणि वेळेत परतावे. तरीसुद्धा हा हिशेब ढोबळ आहे. देवळातल्या माणसाला विचारल्यावाचून पाऊल टाकू नये, आणि तो ‘नको’ म्हणाला तर देवाला लांबून हात जोडावेत.

उलट हेदवीची बामणघळ. कातळातल्या चिरेत पाणी घुसून उंच उसळते ते भरतीलाच. ओहोटीला गेलात तर नुसता खडक पाहून परत याल. उसळी बघायची तीही दूर उभे राहून.

गाडीलाही तिथी लागते. घरगाडीची शेपटी लांब. उधाणाच्या ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो, बोट खाली जाते आणि फळीवर चढताना गाडीचा मागचा भाग घासतो. दिवाळी ऐन अमावस्येची, म्हणजे नेमके उधाण! म्हणून लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज घरीच करावी, तृतीयेला निघावे आणि पाणी वर असताना बोटीवर चढावे. सप्तमी-अष्टमीला, भांगाच्या दिवसांत, दाभोळ आणि जयगड सोपे जातात. त्या दिवसांत बामणघळीची उसळी थोडी कमी दिसेल, हे मात्र मान्य करावे. समुद्र एकाच दिवशी सगळे देत नाही.

नावाड्याचा शब्द

बोटीवर कधी गाडी उलटी चढवावी लागते, कधी उलटी उतरवावी लागते. निघण्यापूर्वी गावातल्या मोकळ्या खळ्यावर सराव करावा; बघायला पोरे जमतील, जमू द्यावीत. धक्क्यावर बाकीच्यांनी खाली उतरावे, एकट्या ड्रायव्हरने गाडी चढवावी. गॅसचा नळ बंद, हातब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. बोटवाला ‘थांबा’ म्हणाला की थांबायचे. त्याच्याशी हुज्जत घालू नये आणि त्याला घाईही करू नये.

घाई का करू नये, याचे उत्तर कोकणाला वेगळे सांगावे लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावस्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी पाण्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या घरांत अजूनही तिची आठवण निघते. पावसाळ्यात हा बेत आखूच नये. मोसम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा. ऊसतोडीच्या घरांना मात्र चैत्र-वैशाखच मोकळा. त्यांनी उकाडा सोसावा, किनाऱ्यावरच्या गावांतही तेव्हा पाण्याची ओढ असते हे ध्यानात ठेवावे आणि पाऊस लागण्याच्या आत परतावे.

आणखी दोन पथ्ये. वाळूवर गाडी नेऊ नये. ओली वाळू कडक दिसते, पण चाक रुतले आणि भरती आली की गावची ट्रॅक्टरवाली मंडळी धावून येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. आणि गावाच्या आत शिरू नये. केळशी-आंजर्ल्याच्या वाटा दोन्हीकडच्या चिरेबंदी गडग्यांमधून जातात. तिथे बैलगाडी जेमतेम जाई, आपले घर कसे जाईल? बाहेर मोकळ्या जागी, मालकाची परवानगी घेऊन मुक्काम करावा. खरकटे आणि मैलापाणी दुसऱ्याच्या वाडीत सोडू नये. पाण्याची किंमत ज्याला ठाऊक त्याने दुसऱ्याची विहीर नासवू नये, हे बीडकरांना वेगळे सांगायला नको.

पूल होण्याआधी

या खाड्यांवर पूल येत आहेत. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गासाठी मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे. ते झालेच पाहिजेत. रात्री अडलेल्या बाळंतिणीला शेवटची फेरी चुकली, हे दुःख प्रवाशाच्या मौजेपेक्षा फार मोठे आहे. पण पूल झाला की माणूस खाडी ओलांडतो, ती त्याला दिसत नाही. धक्क्यावर अर्धा तास बोटीची वाट पाहताना शेजारच्या कोळणीशी, शाळेच्या मास्तरांशी, आंब्याच्या बागाइतदाराशी ज्या चार गोष्टी होतात, त्या पुलावर व्हायच्या नाहीत. जायचे तर आताच जावे.

परतीची वाट रत्नागिरी, आंबा घाट आणि कोल्हापूर. तृतीयेला निघालेली गाडी रमतगमत आली तरी दशमीच्या रात्री पंढरपूरजवळ पोचते आणि दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी. गाडी गावाबाहेर लांब लावावी आणि चंद्रभागेवर चालत जावे. मग बार्शी, केज, धारूर आणि घर.

आणि हो, बरोबर कोणाला न्यावे? आमचे मत विचाराल तर, ज्या आईने उभा जन्म बिऱ्हाड कामासाठी हलवले, तिला आधी. मोसम सरल्यावर, चैत्रात, एकदा तिचे बिऱ्हाड मौजेसाठी हलवून दाखवा. दाभोळच्या बोटीवर तिला कठड्याशी उभे करा. सामान काय घ्यायचे, ते तिलाच ठरवू द्या.