पण हे यंत्र करतं काय?

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे भाचे-पुतणे मिळून सहा-सात मुले जमतात. गेल्या वर्षी थोरला भाचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ शिकून आला. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात. सांगणारा म्हणतो, समोर लोखंडी दार आहे. मुलांनी सांगायचे, पुढे काय करणार. ते साधते की फसते, हे फासा टाकून ठरते. गोष्ट बहुधा भुयारात किंवा एखाद्या तळघरात घडते; त्यालाच डंजन म्हणतात. भाच्याला यंत्राचे डंजन हवे होते. म्हणजे अख्खे भुयारच एक अवाढव्य यंत्र, आणि मुले त्याच्या पोटात.

फासे पाहताच अम्मींनी चष्मा पुसला. “घरात हे नको.”

“नानी, पैसे कुठे लावतोय आम्ही?”

“पैसे नसू देत. फासे नकोत म्हणजे नकोत.”

फासे पिशवीत परत गेले. नकाशा काढायचे काम आमच्याकडे आले. कापणारी पाती, खाली येणारे छत, वाफेचे फवारे अशा अकरा खोल्या आम्ही हौसेने काढल्या. फासा नव्हता, म्हणून कोण वाचले आणि कोण मेले हे आम्हीच सांगू लागलो. अर्ध्या तासात भांडण. “मामू, तुम्ही मनाला येईल ते सांगता!” आरोप खरा होता. भांडण शमल्यावर आमच्या दहा वर्षांच्या मुलीने विचारले, “अब्बू, पण हे यंत्र करतं काय?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. माणसे मारण्यापलीकडे त्या यंत्राला काही कामच नव्हते.

जाणत्यांनी केलेली डंजने मग आम्ही नीट पाहिली. गायगॅक्स यांच्याच, १९८० साली छापलेल्या ‘एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स’ या साहसात डोंगरात कोसळलेले अंतराळयान हेच डंजन आहे. तलवारी घेऊन आत शिरलेल्यांना हळूहळू कळते की दारे रंगीत कार्डांनी उघडतात. २०१७ च्या ‘टूम ऑफ अ‍ॅनायहिलेशन’मध्ये थडग्याच्या एका मजल्यावर खोल्या प्रचंड दातेरी चाकांत बसवल्या आहेत, चाक फिरले की दार दुसऱ्याच वाटेसमोर येते. (घरी हे करायला पुठ्ठ्याची चकती आणि मधोमध टाचणी पुरते.) दोन्ही ठिकाणी यंत्राला नियम आहे, आणि तो खेळणाऱ्याला शिकता येतो.

आम्हाला नमुना सापडला तो इस्माईल अल-जझरींच्या हत्तीच्या घड्याळात. दियारबकीरच्या अर्तुकी दरबारातल्या या कारागिरांनी आपला यंत्रांवरचा ग्रंथ १२०६ मध्ये पूर्ण केला. घड्याळातल्या हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी, तिच्यात बारीक भोक असलेली तरंगती वाटी. अर्ध्या तासाने वाटी भरून बुडते आणि दोरी ओढते. दोरीमुळे वरच्या मनोऱ्यातला गोळा सुटून सापाच्या तोंडात पडतो. गोळ्याच्या वजनाने साप खाली झुकतो, आणि झुकता झुकता बुडालेली वाटी पुन्हा वर खेचतो. गोळा टाकून साप जागेवर परततो. एकाचे काम संपले की दुसऱ्याचे सुरू.

हे घड्याळ आम्ही डोंगराएवढे केले. टाकी झाली तळे, वाटी झाली खोली. साप खाली आला की त्याच्या मानेवर बसून मनोऱ्यात जायचे, एवढी एकच वाट. घरातल्या जुन्या वाटीला खिळ्याने भोक पाडून ती बादलीत सोडली. ती सहा मिनिटांत बुडायची. तेवढ्यात वाटीच्या खोलीतून बाहेर पडायचे. नशिबाचे काम बादलीने संपवले.

भाच्याने पहिल्याच फेरीत वाटीचे भोक मेणाने बुजवले. सगळे खूश. मग ध्यानात आले की वाटी बुडत नाही, म्हणून गोळा सुटत नाही, म्हणून साप खाली येत नाही. वर जायची वाट त्यांनीच बंद केली होती. मुलगी म्हणाली, “मेण राहू दे. वाटीत दगड टाका.” वाटी बुडाली, साप आला, सगळे मानेवर चढले. पण दगडांनी जड झालेली वाटी सापाला उचलवेना. तो खालीच अडकला. आता कोणीतरी तळ्यात बुडी मारून दगड काढायला हवे होते, आणि जो दगड काढेल तो खालीच राहणार होता.

कोण राहणार, यावर पाऊण तास गेला. सगळ्यांत धाकट्याला मागे ठेवायला कोणी तयार नव्हते, आणि त्याला तर राहायचेच होते. जेवणाची हाक दोनदा आली. या वेळी एकानेही “मामू, तुम्ही मनाने सांगता” म्हटले नाही. दगडाचे वजन कोणाच्या मनावर नसते. अखेर भाचा राहिला. अम्मी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, “मग त्याला वर कसं घेणार?”

यंदा औरंगाबादची पाणचक्की काढायची आहे. डोंगराकडून मातीच्या नळांनी येणारे पाणी, भिंतीवरून पडणारी धार, तिच्या जोरावर फिरणारे जाते. नळांचा भाग कागदावर उतरला आहे. जात्याशी अडलो आहोत: धान्य वरून कोण टाकतो, पीठ कुठे पडते आणि पाणी अडवले तर कोण उपाशी राहतो, हे ठरल्याशिवाय मुलांना बोलावायचे नाही.