जुन्या कॅमेऱ्यांचीं भिंगें

जुनें घर पाडावयास काढलें, कीं फडताळांतून आणि माळ्यावरून अशा कांहीं वस्तु बाहेर येतात, कीं ज्यांचें नांव घरांतल्या कोणासच सांगतां येत नाहीं. रेणुकादेवीच्या देवळामुळें परिचित असलेलें रेणापूर घ्या, किंवा लातुराभोंवतालचें दुसरें एखादें गांव घ्या. तेथील माळवदी घरांतून अशा वेळीं एखादें जड पितळी नळकांडें सांपडावें व त्याच्या दोन्ही टोकांस कांच बसविलेली असावी, हें अगदीं संभवनीय आहे. पोरें तें डोळ्याला लावून दुर्बीण म्हणून पाहतात. दुर्बीण म्हणून तें कुचकामाचें ठरलें, कीं त्याची रवानगी मोडीच्या तराजूंत होते. मोड घेणारा पितळेचे पैसे देतो आणि कांच फेकून देतो. किंमत मात्र त्या कांचेचीच असते.

असें भिंग या बाजूस येणार कोठून, असा प्रश्न कोणी विचारील. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे त्या कलेंतील हिंदुस्थानांतले अग्रगण्य पुरुष होते. सिकंदराबादेस त्यांचा स्टुडिओ होता, व १८९६ सालीं त्यांनीं मुंबईंतहि एक स्टुडिओ उघडला. मुंबईस तर फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकीं. खुद्द अजिंठ्यास, लेण्यांतील चित्रांच्या नकला करणारे मेजर रॉबर्ट गिल यांनीं पुढें कॅमेराहि हातीं घेतला होता. तेव्हां एका वाटेनें हैदराबादेहून व दुसऱ्या वाटेनें मुंबईहून हें पितळी सामान हौशी घरांत येऊन पोहोंचलें असल्यास नवल नाहीं.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी चौकटी, त्यांच्यामध्यें चामड्याचा किंवा कापडाचा भाता, पुढें भिंग व मागें कांचेची प्लेट. जेवढी प्लेट तेवढें चित्र, हा सामान्य नियम. त्यामुळें साडेआठ इंच लांब व साडेसहा इंच रुंद अशी फुल प्लेट भरून काढणारें भिंगहि तसेंच दणकट लागे.

भिंग हातीं आलें, कीं त्यावर कोरलेलें नांव प्रथम वाचलें जातें. तें वाचावें, पण त्यावर विसंबूं नये. कित्येक भिंगांवर कर्त्याचें नव्हे तर विक्रेत्याचें नांव असतें, आणि कित्येकांवर कांहींच नसतें. व्हिएन्नाचे गणिती योझेफ पेत्झ्वाल यांनीं १८४० सालीं माणसांचीं चित्रें काढण्यासाठीं एक भिंग योजलें व फोइग्टलेंडर यांनीं तें तयार केलें. पूर्वींच्या भिंगांपेक्षां तें कित्येक पटींनीं अधिक प्रकाश आंत घेई. मिनिटांच्या जागीं सेकंद मोजण्याचे दिवस त्यानें आणले. पण त्याचें पेटंट ऑस्ट्रियाबाहेर लागू नव्हतें. मग काय विचारतां! पॅरिस, लंडन, सगळीकडे त्याच्या नकला झाल्या. म्हणून पेत्झ्वालचें भिंग ओळखावयाचें तें नांवावरून नव्हे, तर त्याच्या रचनेवरून. आणि ती रचना भिंग न फोडतां एका दिव्याच्या साहाय्यानें कळते.

काळोख्या खोलींत एकच दिवा ठेवावा. एका वातीची समई असली तरी चालते. भिंगाचा अर्धा भाग आटे फिरवून नळीपासून वेगळा करावा, तो किंचित् तिरका धरावा आणि त्यांत ज्योतीचीं प्रतिबिंबें मोजावीं. हवा आणि कांच जेथें एकमेकींस भेटतात, तेथून प्रकाशाचा शेंकडा चार-पांच भाग परत फिरतो; म्हणून अशा प्रत्येक पृष्ठाचें एक ठळक प्रतिबिंब दिसतें. दोन कांचा कॅनडा बाल्सम नांवाच्या पारदर्शक राळेनें चिकटविलेल्या असल्या, तर त्या सांध्यावरून फारच थोडा प्रकाश परततो व प्रतिबिंब अंधुक, राखेखालच्या निखाऱ्यासारखें दिसतें. दोन ठळक व एक अंधुक म्हणजे चिकटविलेली जोडी. चार ठळक म्हणजे मध्यें हवा असलेल्या दोन सुट्या कांचा.

एवढें समजलें, कीं पुढचें सोपें आहे. दोन्ही अर्ध्या भागांत दोन ठळक व एक अंधुक अशीं प्रतिबिंबें मिळालीं, तर तें बहुधा १८६६ सालीं डालमायर यांनीं लंडनला व श्टाइनहाइल यांनीं म्युनिकला काढलेल्या जातीचें भिंग. डालमायर यांनीं त्यास रॅपिड रेक्टिलिनियर म्हटलें. खांब व भिंती त्यांत वांकत नाहींत, म्हणून देवळें आणि वाडे टिपण्यास तें सोयीचें. प्रत्येक अर्ध्या भागांत दोन ठळक व दोन अंधुक दिसलीं, तर तीन-तीन कांचा चिकटविलेल्या आहेत. बर्लिनच्या ग्योर्झ कारखान्याचें १८९२ सालचें भिंग, जें पुढें डागोर या नांवानें प्रसिद्धीस आलें, तें असेंच आहे.

खरी फसगत होते ती पुढच्या जोडींत. पेत्झ्वालच्या भिंगांत एकूण सहा ठळक व एक अंधुक प्रतिबिंब असतें. आणि १९०२ सालीं त्साइस कारखान्यांतील पाउल रूडोल्फ यांनीं काढलेल्या टेस्सारमध्येंहि बेरीज तीच येते! भेद क्रमाचा आहे. पेत्झ्वालमध्यें चिकटविलेली जोडी पुढें, चित्रविषयाकडे. टेस्सारमध्यें ती मागें, प्लेटकडे. शिवाय पेत्झ्वालची कांच लांबीच्या मानानें रुंद, टेस्सार आटोपशीर. येथें आणखी एक चकवा आहे. पेत्झ्वालचीच रचना जादूच्या कंदिलांतहि वापरीत. महादेव पटवर्धन यांनीं १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें कंदिलाचे खेळ केले, हें पुष्कळांस ठाऊक आहे. कंदिलाच्या भिंगास छिद्र लहान-मोठें करण्याची सोय बहुधा नसते. कॅमेऱ्याच्या भिंगास मात्र, १८५८ सालीं जॉन वॉटरहाउस यांनीं सुचविल्यानंतर, नळीच्या कुशींत एक खांच ठेवूं लागले; तींतून भोंक पाडलेल्या पितळी पट्ट्या आंत सरकवीत. तेव्हां खांच नाहीं असें दिसलें, तर भिंग एक तर कंदिलाचें, नाहीं तर फारच जुनें.

काळ ठरविण्यास दुसऱ्याहि खुणा आहेत. पाकळ्या मिटून लहान होणारें छिद्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास झालें. त्याभोंवतीं ४, ८, १६, ३२, ६४ असे आंकडे असल्यास ते आजचे नव्हेत. १८८१ सालीं ब्रिटनच्या फोटोग्राफिक सोसायटीनें ठरविलेल्या त्या पद्धतींतला ४ म्हणजे आजचा ८, व ६४ म्हणजे आजचा ३२. दोहोंत सारखा आहे तो एकटा १६. प्रतिबिंबांत जांभळी किंवा निळसर झांक असेल, तर कांचेवर लेप दिलेला आहे. ती युक्ति त्साइसकडे १९३५ च्या सुमारास निघाली व दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरली. त्यामुळें असें भिंग पणजोबांचें म्हणून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये.

भिंग केवढ्या प्लेटचें, हें पाहावयाचें असल्यास खिडकीसमोर तें धरून दूरच्या झाडाचें उलटें चित्र कागदावर पाडावें. चित्र रेखीव झालें, कीं नळीच्या मध्यापासून कागदापर्यंतचें अंतर मोजावें. साधारणपणें तें प्लेटच्या कर्णाएवढें असतें : फुल प्लेटला सुमारें ११ इंच, हाफ प्लेटला ८. माणसांच्या चित्रांसाठीं केलेलीं भिंगें याहून लांब असतात.

राहतां राहिली स्वच्छता. चिंच आणि राख लावून पितळ लखलखीत करण्याचा मोह आपल्याकडे अनावर आहे. पण त्यानें कोरीव अक्षरें झिजतात आणि कडेनें पाणी कांचांच्या सांध्यांत शिरतें. मऊ जुन्या धोतराच्या फडक्यानें धूळ टिपली तरी पुरे. पेत्झ्वालच्या मागच्या दोन सुट्या कांचा काढाव्याच लागल्या, तर काढण्यापूर्वीं त्यांच्या खरखरीत कडेवर शिसपेन्सिलीनें बाणाची खूण करावी, टोंक चित्रविषयाकडे; आणि त्यांच्या मधलें पितळी कडें हरवूं देऊं नये. तें कडें नसलें किंवा एक कांच उलटी बसली, तर त्या भिंगांतून चित्र कधींच रेखीव येणार नाहीं, आणि पुढचा मनुष्य भिंगालाच दोष देईल.