ट्रॉलर, बारा महिने आणि क्लासमधला ॲरे

ॲरे शिकवताना उदाहरण हमखास मार्कशीटचं. मालवणात बसून मार्कशीट कशाला? ट्रॉलरचाच क्लास करू!

नाव, मालक आणि दर महिन्याची मासळी किलोत. जानेवारी, फेब्रुवारी अशी बारा व्हेरिएबल लिहिण्याऐवजी बारा घरांचा एकच ॲरे, क्लासचा मेंबर म्हणून. तो प्रायव्हेट ठेवायचा. मग कुणीही उठून त्यात आकडा घुसवू शकत नाही, 'नोंद' फंक्शनमधूनच जावं लागतं. खरी मजा तिथे आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, म्हणून 'नोंद' ५ आणि ६ या घरांत आकडा घेणारच नाही. (मोजणी शून्यापासून, त्यामुळे जून पाचवर.) घर क्रमांक १२ मागितला तर तोही नाकारायचा. सी++ स्वतः हद्द तपासत नाही, शेजारच्या मेमरीत बिनधास्त लिहितं.

सी++ मध्ये हा ॲरे ऑब्जेक्टच्या पोटातच असतो. ट्रॉलरची कॉपी केली की बाराही आकडे कॉपी होतात. जावात मात्र मेंबर हा नुसता रेफरन्स. 'न्यू' विसरलात तर तो नल, आणि गेटरमधून थेट ॲरे परत दिलात तर प्रायव्हेट नावापुरतंच उरतं. क्लोन करून द्या.

पायथनवाल्यांनो, यादी क्लासच्या अंगात नको, 'इनिट'मध्ये 'सेल्फ'वर बांधा. नाहीतर सगळ्या ट्रॉलरची मासळी एकाच यादीत पडते, आणि मग लिलावाला भांडणं ठरलेली!